सुरकुती कुणाची

हँगरमध्ये काम करणाऱ्याला लँडिंग दिसत नाही, ऐकू येतं. चांगलं लँडिंग म्हणजे टायरची बारीकशी चिरचिर, आणि तीही वारा आपल्या दिशेने असेल तरच. साधारण लँडिंगला चिरचिरीपाठोपाठ एक ‘धप्’ येतो. आणि कधीमधी असा आवाज येतो की हातातला पाना जिथल्या तिथे थांबतो. पत्रा, टायर, दारं, आत लटकवलेलं सगळं सामान एकदम बोलून उठतं. त्यानंतरचे दोन-तीन सेकंद महत्त्वाचे. दुसरा दणका येतो, इंजिन फुल पॉवरला जातं, की काहीच ऐकू येत नाही, यावर माझी पुढची दुपार ठरते.

मी विमान उडवत नाही, दुरुस्त करतो. एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. आयुष्याचा बराच भाग विद्यार्थ्यांना उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांच्या हँगरमध्ये गेला. त्यातल्या एका संस्थेत घडलेली ही गोष्ट आहे. संस्थेचं नाव देत नाही, गावाचंही नाही. दख्खनचं पठार, एका बाजूला उसाचे फड, दुसऱ्या बाजूला काळी रानं आणि मध्ये एक धावपट्टी, एवढं पुरे. नातेवाईक मंडळींना मी ‘विमानात’ आहे एवढंच माहीत. लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, ‘तिकीट स्वस्तात मिळतं का हो?’

आमची विमानं सेसना १७२. १९५६ साली बाजारात आलेलं हे मॉडेल अजून बनतंय. आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. जगात दुसऱ्या कुठल्याच विमानाचे इतके नग काढले गेलेले नाहीत. चार सीट, पुढे १८० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन, आणि पूर्ण भरल्यावर वजन ११५७ किलो. मधल्या आकाराच्या मोटारीपेक्षाही कमीच. पंख वर, चाकं खाली तीन. या तीन चाकांमध्ये फरक आहे, आणि पुढची सगळी हकीकत त्या फरकावर उभी आहे.

मागच्या दोन चाकांचे पाय म्हणजे नुसतं स्प्रिंगचं पोलाद. आत ना तेल, ना हवा, ना पिस्टन. पाय फाकतात आणि परत येतात, बस्स. ही कल्पना स्टीव्ह विटमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाची. ऑशकॉशला राहून हा माणूस स्वतः रेसिंगची विमानं बांधायचा आणि स्वतःच उडवायचा. त्याच्या पेटंटचे हक्क सेसनाने घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आपल्या छोट्या विमानांना हे पाय बसवले. माझ्या मते जगभरच्या फ्लाइंग क्लबांनी विटमनची तसबीर लावायला हरकत नाही. शिकाऊ हातांनी त्या पायांवर काय काय आदळलंय ते आम्हाला ठाऊक.

पुढचं चाक मात्र वेगळ्या स्वभावाचं. त्याला ओलिओ, म्हणजे हवा आणि लाल हायड्रॉलिक तेल भरलेली नळी. ती जोडलेली असते फायरवॉलला. इंजिन आणि माणसं यांच्यामधली पत्र्याची भिंत म्हणजे फायरवॉल. इंजिनाला आग लागली तर ती काही काळ आत येऊ नये म्हणून ती तिथे आहे. त्याच पत्र्यावर वरच्या अंगाला इंजिन लटकतं आणि खालच्या अंगाला पुढच्या चाकाचा भार येतो. पुढचं चाक हे जमिनीवर वळायला आणि तोंड वर धरायला दिलेलं आहे. त्यावर उतरायचं नसतं. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याला हे सांगतात आणि पहिल्या दिवसापासून विद्यार्थी ‘येस सर’ म्हणतो.

अशी विमानं किती दणका सोसतात? अमेरिकेच्या जुन्या नियमांत या वर्गातल्या विमानांसाठी एक सूत्र होतं. पंखाच्या क्षेत्रफळामागे वजन किती, त्यावरून खाली येण्याचा वेग काढायचा, आणि त्या वेगाने टेकलं तरी सांगाडा टिकला पाहिजे. उत्तर काहीही येवो, वेग सेकंदाला ७ फुटांहून कमी धरायचा नाही आणि १० फुटांहून जास्त धरायची गरज नाही. ऐकायला मोठं वाटतं. पण पाऊण फुटावरून सोडलेली वस्तू जमिनीला टेकते ती साधारण ७ फुटांच्या वेगाने, आणि दीड फुटावरून सोडलेली १० फुटांच्या. म्हणजे गुडघ्याच्याही खालून.

आता गंमत बघा. ६५ नॉटने, म्हणजे ताशी १२० किलोमीटरने, नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर विमान येतंय. पायलटने शेवटी नाक उचललंच नाही, सरळ तसंच जमिनीत घातलं, तर खाली जाण्याचा वेग होतो सेकंदाला पावणेसहा फुटांच्या आसपास. नियमाच्या आत! मग विमान मोडतं ते का? कारण नाक न उचलता आलं की आधी टेकतं पुढचं चाक. पुढचं चाक आपटलं की नाक वर उडतं. नाक वर गेलं की पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान पुन्हा हवेत. घाबरलेला हात योक, म्हणजे नाक वर-खाली करायचं स्टिअरिंग, पुढे ढकलतो, पण तो ढकलतो तोवर विमान आपणहून खाली यायला लागलेलं असतं. दोन्ही मिळून दुसरा दणका पहिल्यापेक्षा मोठा, तोही पुढच्याच चाकावर. तिसऱ्याच्या वेळी बहुतेकदा ओलिओ, फायरवॉल आणि प्रॉपेलर अशा तिघांचाही निकाल लागतो. प्रॉपेलर आणि जमीन यांत अंतरच किती? सगळं ठीकठाक असताना सव्वाअकरा इंच.

म्हणून कुणी ‘लँडिंग किती जोरात झालं’ असं विचारलं की मी विचारतो, कुठल्या चाकावर? आणि नंतर हाताने काय केलं?

त्या वर्षी एप्रिल लवकर तापला. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोनेक हजार फुटांवर. दुपारी पारा बेचाळीसवर गेला की विमानाला मात्र आपण सहा हजार फुटांवर आहोत असं वाटतं, कारण हवाच पातळ. वेगाच्या घड्याळात ६५ नॉट दिसतात, पण जमिनीवरून जाण्याचा खरा वेग ७० च्या वर गेलेला असतो. शिवाय खालची जमीन स्वस्थ बसू देत नाही. उसाच्या फडावरून येताना विमान खचतं, नांगरलेल्या काळ्या रानावर उचललं जातं, आणि धावपट्टीचं तापलेलं डांबर शेवटच्या क्षणी पुन्हा वर फेकतं. इन्स्ट्रक्टर मंडळी म्हणूनच सोलो, म्हणजे एकट्याने उडणाऱ्या, विद्यार्थ्यांना सकाळी लवकर पाठवतात. पण तास भरायचे असतात. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, विमानं मोजकी, मुलं भरपूर. सकाळ पुरत नाही. साडेदहा-अकरापर्यंत सॉर्टी, म्हणजे उड्डाणाच्या फेऱ्या, सुरू असतात, आणि साडेदहाचा एप्रिल म्हणजे दुपारच.

त्या दिवशी मी दुसऱ्या एका विमानाचं तेल बदलत होतो. पहिला दणका आला तेव्हा मान वर केली. दुसरा आला तो वेगळ्याच आवाजाचा, आखूड आणि कडक. शेजारी मामा होते. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने हेल्पर. कागदोपत्री त्यांना कुठलंही लायसन्स नाही, पण आवाज ओळखण्याची परीक्षा असती तर सगळ्या हँगरमध्ये पहिले आले असते. ते एवढंच म्हणाले, “पुढचं.” लगेच इंजिन फुल पॉवरला गेल्याचा आवाज आला, आणि मी श्वास सोडला. गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा हवेत चढणं. तिसरा दणका टळला होता.

विमान पूर्ण चक्कर मारून आलं, नीट बसलं, टॅक्सी करत हँगरसमोर आलं. इंजिन बंद झालं. आतून एक मुलगी उतरली. सोलो सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते तिला. वडिलांची द्राक्षबाग, आणि बागेवर काढलेलं कर्ज. आपल्याकडे सगळा खर्च धरून कमर्शियल लायसन्स चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातं, त्यामुळे या मुलांच्या मागे बहुतेक वेळा कुठली ना कुठली जमीन किंवा घर उभं असतं. ती फ्लाइट डिस्पॅचकडे गेली नाही, इन्स्ट्रक्टरकडेही नाही. आधी सरळ माझ्याकडे आली.

“सर, बघता का जरा? जोरात बसलं. बाउन्स झालं, आणि दुसऱ्यांदा नोज व्हीलवर.”

मामांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. “आधी पाणी पी, पोरी. इमान कुठं पळून जात नाही.”

मला या वाक्याचं मोल माहीत आहे. मामांच्या नव्हे, तिच्या. एअरलाइनच्या मोठ्या विमानांत आपट लपत नाही. टेकताना किती जी चा (वजनाच्या किती पट) भार आला ते तिथे यंत्र स्वतः टिपतं आणि कुणी विचारायच्या आत इंजिनिअरपर्यंत पोचवतं. आमच्या त्या विमानात तसलं काही नव्हतं, जुनी गोल घड्याळं होती. काचेच्या पडद्यांचं मॉडेल असतं तर मेमरी कार्डात निदान काहीतरी खूण राहिली असती. सोलोला शेजारी इन्स्ट्रक्टर नसतो. टॉवरमधून बघणाऱ्याला उसळी दिसते, चाकावर काय भार आला ते दिसत नाही. म्हणजे साक्षीदार एकच. तो बोलला तर मी काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडणार, नाही बोलला तर पुढचा विद्यार्थी चावी घेऊन निघणार.

आम्ही विमान आत घेतलं आणि हार्ड लँडिंगची तपासणी सुरू केली. ती कशी असते हे सांगतो, कारण विद्यार्थ्यांची समजूत अशी असते की इंजिनिअर चाकाला लाथ मारून बघतो आणि सही करतो.

सुरुवात टायरपासून. टायर आणि रिम यांच्यावरून एक रंगाची रेघ ओढलेली असते. दणक्याने टायर रिमवर फिरला की रेघ तुटते, अर्धी इथे अर्धी तिथे. आत ट्यूब असते. टायर फिरला की तिचा व्हॉल्व्ह ओढला जातो. मग ओलिओ. चकचकीत पिस्टनवर लाल तेलाचा ओघळ आहे का, टॉर्क लिंक, म्हणजे चाक सरळ धरणारी कात्री, वाकली आहे का. शेपटीखाली विमान बांधायची कडी असते, ती घासली असेल तर नाक जास्तच उचललं गेलं होतं. प्रॉपेलरची टोकं बोटांनी चाचपायची. प्रॉपेलर जमिनीला लागला असेल तर गोष्ट वेगळीच होते, मग इंजिनच उघडावं लागतं, कारण चालत्या इंजिनाला बसलेला झटका आत क्रँकशाफ्टपर्यंत जातो. मग पंखांचा वरचा पत्रा तिरक्या उजेडात बघायचा, टाक्यांना गळती नाही ना. मग काऊलिंग काढून इंजिन माउंट. पोलादी नळ्यांचा तो सांगाडा, त्याचे वेल्डचे सांधे. शंका आली तर लाल डाय लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची; भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

आणि सगळ्यात शेवटी फायरवॉल. पुढून निम्मीच दिसते. उरलेली बघायला केबिनमध्ये उताणं पडून डोकं रडर पेडलखाली घालावं लागतं. कमरेचं काही खरं नाही. बॅटरी दातांत धरून मी आत शिरलो, आणि डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या जोडाच्या जरा वर, सुरकुती सापडली. रॉकेलचा डबा पडला की कोपऱ्याला येते तशी, तीन-चार बोटं लांब.

बाहेर आलो तेव्हा तिथे गर्दी जमली होती. तिचा इन्स्ट्रक्टर, दोन-तीन मुलं, आणि ऑफिसातले एक गृहस्थ, ज्यांना हँगरमध्ये मी एरवी फक्त पाहुणे आले की बघतो. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. “फायरवॉल?” मी मान हलवली. त्यांचा पुढचा प्रश्न तयारच होता. “मग हे हिच्या नावावर टाकायचं ना?”

मुलगी काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहिणार नाही. ज्यांची मुलं शिकतायत त्यांना ते लिहायची गरज नाही.

मी म्हटलं, “थांबा. अजून बघून झालेलं नाही.”

कारण सुरकुतीत काहीतरी खटकत होतं. पुन्हा आत शिरलो, या वेळी भिंग घेऊन. पत्र्याला त्याच दिवशी मुरड पडली असेल तर तिच्या कडेला रंग तडकतो, आणि तडकलेल्या जागी धातू लख्ख दिसतो. कडा कोऱ्या असतात. इथे कडा मळलेल्या होत्या. मुरडीच्या खोबणीत तेलात कालवलेली धूळ बसून घट्ट झाली होती, नखाने उकरावी लागली. आणि शेजारच्या दोन रिव्हेटांमागे काळा धूर ओढल्यासारखे ओघळ होते. याला आम्ही ‘स्मोकिंग रिव्हेट’ म्हणतो. रिव्हेट सैल झाला की इंजिनाच्या थरथरीने भोकात घासत राहतो, धातूचा काळा भुगा पडतो आणि ओघळासारखा पसरत जातो. असा ओघळ एका दणक्यात तयार होत नाही. त्याला तासन् तास उड्डाण लागतं.

म्हणजे ही सुरकुती घेऊन विमान अनेक दिवस उडत होतं. कुणीतरी त्याला पुढच्या चाकावर आपटलं होतं, उतरून चावी जमा केली होती, लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, ‘निल’ (काही बिघाड नाही) लिहिलं होतं आणि जेवायला गेलं होतं. त्यानंतर त्याच फायरवॉलवर इंजिन लटकवून किती मुलं क्रॉस कंट्रीला, म्हणजे लांबच्या उड्डाणाला, गेली आणि आली. त्यांतलं कुणी पुन्हा पुढच्या चाकावर आपटलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी त्या रात्री जेवताना करत बसलो होतो. बायको म्हणाली, “भाकरी गार होतेय.”

हिच्या दणक्याने काय झालं होतं मग? पुढच्या टायरची रेघ जेमतेम सरकली होती, आणि ओलिओच्या सीलमधून थोडं तेल आलं होतं. एवढंच. पहिल्या उसळीनंतर तिने योक ढकलला, दुसऱ्यांदा पुढचं चाक लागलं, आणि तिथेच तिने थ्रॉटल पूर्ण आत घातला, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर दिला. गो-अराउंड कधीही उशिरा होत नाही असं शिकवतात. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा उशिराच होतो. पण तिचा वेळेत झाला.

ऑफिसच्या गृहस्थांना ओघळाची गोष्ट पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सुरकुती आज सापडली, आज हार्ड लँडिंग झालं, दोन अधिक दोन चार. कोर्टातही बहुधा असंच धरतील. दर पन्नास उड्डाणतासांनी होणाऱ्या तपासणीच्या वेळी फायरवॉलचे फोटो मोबाइलवर काढून ठेवायची माझी सवय आहे. ते दाखवले. त्यांत पत्रा साफ होता. म्हणजे आपट झाली ती त्या तपासणीनंतर आणि आजच्या आधी केव्हातरी. हंगामात पन्नास तास दोन-तीन आठवड्यांत उडून होतात, आणि तेवढ्या काळात लॉगमध्ये नावांची रांग लागते. त्यांनी लॉग पुढे ओढला. “मग यातलं कोण, ते शोधा.”

शोधता आलं असतं का? कदाचित. सोलो कुणाचे, वाऱ्याचे दिवस कुठले, कुणाची प्रगती अडखळत होती, इन्स्ट्रक्टरच्या शेऱ्यांत सगळं असतं. दोन-तीन नावांवर माझं स्वतःचं बोट थांबलं होतं. मी ते केलं नाही, आणि अजूनही वाटतं तेच बरोबर होतं. आम्ही ज्याला पकडलं असतं तो एक. पुढे शंभर मुलांना एवढंच समजलं असतं की हँगर म्हणजे पोलीस चौकी.

सीएफआय, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टर, साहेबांनी मध्ये पडून विषय मिटवला. वायुदलातून निवृत्त झालेले, बोलायला कडक. म्हणाले, “रिपोर्टमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. आजचं लँडिंग आणि त्याचे परिणाम. जुनी डॅमेज आणि तिची लक्षणं. फोटो जोडा. बाकी मी बघतो.” तसं लिहिलं. विमान उभं राहिलं. फायरवॉलचे भाग अमेरिकेहून येईपर्यंत पावसाळा लागला, पण पावसाळ्यात तसंही उड्डाण मंदावतं आणि आम्हाला वेळ असतो.

तिला मात्र चौकशी संपेपर्यंत जमिनीवर बसवलं. नियमाप्रमाणेच. पुढे इन्स्ट्रक्टरबरोबर चेक, लँडिंगची उजळणी, मग पुन्हा सोलो. उजळणीत तिला काय सांगितलं ते मला तिनेच एकदा सांगितलं: शेवटच्या क्षणी चाकासमोरची जमीन बघू नको, धावपट्टीचं पलीकडचं टोक बघ. जवळ बघितलं की जमीन धावत येते आणि हात घाबरतो. पैशाचा भार अखेर तिच्यावर पडला नाही. पण गेलेले दिवस गेले, आणि या धंद्यात दिवस म्हणजे घरच्या कर्जाचं व्याज.

हे सगळं मुलं बघत होती. कॅन्टीनमध्ये काय बोललं जात होतं ते मामांच्या कानावर यायचं. “तिनं सांगितलं, तर तीच खाली बसली. ज्यानं नाही सांगितलं तो उडतोय.” यात खोटं काय होतं? अक्षरशः तसंच झालं होतं. त्यानंतर कित्येक दिवस हँगरमध्ये कुणी आपणहून आलं नाही. आणि एप्रिल-मेच्या हवेत त्या सगळ्या काळात एकही लँडिंग जोरात झालं नाही, यावर माझा विश्वास बसणार नाही. माझे कान तिथेच होते.

यावरून मला एक जुनी घटना आठवते. १९७४ च्या १ डिसेंबरला अमेरिकेत टीडब्ल्यूए या एअरलाइनचं एक विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येताना डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. कुठवर खाली यायचं याबद्दल वैमानिक आणि कंट्रोलर यांच्या समजुतीत फरक पडला होता. चौकशीत निघालं की साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या एका एअरलाइनचं विमान त्याच ठिकाणी, त्याच घोटाळ्यातून जेमतेम वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते सांगितलंही होतं. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएपर्यंत ते पोचलंच नाही. त्यानंतर, १९७६ मध्ये, तिथे एक व्यवस्था उभी राहिली. चूक कळवायची, पण दंड देणाऱ्या खात्याला नाही, तर नासाला. नासाच्या हातात कुणाचं लायसन्स नसतं. दहा दिवसांच्या आत कळवलं आणि चूक मुद्दाम केलेली नसेल, तर सहसा शिक्षा होत नाही. नाव काढून टाकतात, माहिती सगळ्यांना खुली. रॉकेट सोडणाऱ्या संस्थेला हे काम दिलं हे मला फार शहाणपणाचं वाटतं. तिला दंड करताच येत नाही, म्हणून लोक तिच्याशी बोलतात.

आमच्या धावपट्टीवर नासा कुठून आणणार? पण सीएफआय साहेबांना हे वाचायला दिल्यावर त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या. पहिली सोपी होती. आता सोलोला जाण्याआधी प्रत्येक तुकडी एक दुपार हँगरमध्ये घालवते. काऊलिंग उघडं ठेवतो. ती जुनी फायरवॉल आम्ही भंगारात दिली नाही. भिंतीला टेकवून ठेवली आहे. मुलं सुरकुतीवरून बोट फिरवतात, काळे ओघळ बघतात. मग एकेकाला उताणं घालून पेडलखाली पाठवतो. उंच मुलांची फार पंचाईत होते. परवा एकाने आतून विचारलं, “सर, इथे बघून चेक करायचं तर रोज प्री-फ्लाइटला का नाही करत?” चांगला प्रश्न. बाहेरून चालत फिरून जे दिसतं त्यात हे येत नाही, आणि रोज प्रत्येकाने पेडलखाली शिरायचं ठरवलं तर पहिली सॉर्टी दहाला निघेल. म्हणूनच सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट अवघड. एक पानाचा नियम आम्ही दोघांनी मिळून लिहिला. विद्यार्थ्याने त्याच दिवशी स्वतःहून हार्ड लँडिंग कळवलं, तर तपासणीचा आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडे मागायचा नाही. आणि तपासणीमुळे गेलेले त्याचे स्लॉट, म्हणजे उड्डाणाच्या ठरलेल्या वेळा, पुढच्या आठवड्यात आधी भरून द्यायचे. बेफिकिरीने उडवणाऱ्याला हे लागू नाही, ते ठरवायचा अधिकार सीएफआयचा. साहेबांनी सही केली, मी केली. तिसरी सही ऑफिसची. ते गृहस्थ वाईट नाहीत, त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “म्हणजे पोरांनी विमान आपटायचं, आणि वर आपण त्यांना स्लॉट द्यायचे?” मी म्हटलं, आपटणार तर ती आहेतच. आपल्याला कळायला हवं की नको, एवढाच प्रश्न आहे. कागद ‘विचार करून कळवतो’ म्हणून ठेवून घेतला. अजून त्यांच्याकडेच आहे.

तोवर मामांनी आपला बंदोबस्त केलाय. सगळ्या टायरांवरच्या जाड रेघा पुसून त्यांनी केसाएवढ्या बारीक ओढल्यात. जाड रेघेत थोडं सरकलेलं कळत नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. रोज संध्याकाळी शेवटचं विमान आत आलं की बॅटरी घेऊन प्रत्येक चाकापाशी बसतात. काल एका विमानाची पुढची रेघ सरकलेली सापडली. लॉगमध्ये ‘निल’. दिवसभरात ते पाच-सहा जणांनी उडवलं होतं. विमान उभं केलंय, काऊलिंग उतरवलंय. उद्या सकाळी त्या सगळ्यांना हँगरमध्ये चहाला बोलावलंय. मामा सोबत भजी करणार आहेत, त्यामुळे येतील.